तीन तारखा: भौतिकशास्त्राच्या संस्था आणि बडोद्यापर्यंत पोचलेली बातमी

भौतिकशास्त्राच्या एखाद्या राष्ट्रीय संस्थेचं वार्तापत्र उघडलं की पुढच्या पानांवर व्याख्यानं, लेख, श्रद्धांजली असा मजकूर असतो. शेवटच्या पानांवर बारीक टायपात सूचना: अमुक ठिकाणी परिषद, तमुक पारितोषिकासाठी नावं पाठवा, उन्हाळी शिबिरासाठी अर्ज मागवले आहेत, अधिव्याख्यात्याची जागा रिकामी आहे. बहुतेक वाचक ही पानं उलटून टाकतात. माझा उद्योग उलटा आहे. मी आधी शेवटची पानं वाचतो. पुढच्या लेखांतून विज्ञान काय होतं ते कळतं, पण ते कोणापर्यंत पोचत होतं याचा पुरावा या बारीक टायपातच सापडतो.

मी पेशाने इंजिनिअर. इतिहासाचं रीतसर शिक्षण नाही. त्यामुळे हिशेबाची सवय इथेही सुटत नाही. कोणत्याही जुन्या सूचनेबाबत मी तीन तारखा शोधतो: ती निघाली कधी, आपल्या गावात पोचली कधी आणि अर्जाची शेवटची तारीख कोणती. पहिल्या दोन तारखांमधलं अंतर म्हणजे त्या गावाचं ज्ञानाच्या केंद्रापासूनचं खरं अंतर. ते मैलांत मोजून भागत नाही. आणि दुसरी तारीख तिसरीच्या पुढे गेली, तर ती संधी त्या गावापुरती नव्हतीच असं समजायचं.

आता मुळात या संस्था निघाल्या कशाला, ते पाहू. जर्मन भौतिकशास्त्र संस्थेची मुळं बर्लिनमध्ये आहेत. १४ जानेवारी १८४५ रोजी सहा तरुणांनी तिथे ‘फिजिकल सोसायटी’ काढली. प्राध्यापक गुस्ताव माग्नुस यांच्या घरी जमणाऱ्या चर्चामंडळातली ही मुलं. त्यांनी हाती घेतलेलं पहिलं मोठं काम पारितोषिकांचं नव्हतं, बातमीचं होतं. वर्षभरात जगात भौतिकशास्त्रात काय काय छापून आलं त्याचा गोषवारा काढायचा आणि तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध करायचा. १८४५ सालाचा पहिला खंड १८४७ मध्ये बाहेर पडला. म्हणजे बातमीला दोन वर्षं लागली! तरी त्या काळच्या मानाने ती मोठीच सोय होती. त्याच १८४७ च्या जुलैत हेल्महोल्ट्झ यांनी ऊर्जेच्या अक्षय्यतेवरचा आपला निबंध याच संस्थेपुढे वाचला. पुढे १४ डिसेंबर १९०० रोजी माक्स प्लांक यांनी क्वांटम कल्पना मांडली तीही याच संस्थेच्या बैठकीत.

फ्रेंच संस्था १८७३ ची, लंडनची फिजिकल सोसायटी १८७४ ची. लंडनच्या संस्थेने विद्युत अभियंत्यांच्या संस्थेबरोबर १८९८ पासून ‘सायन्स ॲबस्ट्रॅक्ट्स’ हे सारांशांचं नियतकालिक चालवलं. इथेही काम तेच, बातमी पोचवण्याचं. अमेरिकन फिजिकल सोसायटी २० मे १८९९ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात जन्मली, ३६ जणांच्या उपस्थितीत. कोलंबियाचं नाव लक्षात ठेवा, ते पुढे पुन्हा येणार आहे.

पहिल्या महायुद्धानंतर यात एक नवीन गोष्ट आली. युद्धात भौतिकशास्त्र उपयोगी पडलं, कारखान्यांतून मागणी वाढली, पण ‘भौतिकशास्त्रज्ञ’ नावाचा पेशा म्हणून कोणी ओळखत नव्हतं. डॉक्टरांना, वकिलांना, इंजिनिअरांना आपापली संस्था होती, यांना नव्हती. म्हणून १९२० मध्ये ब्रिटनमध्ये ‘इन्स्टिट्यूट ऑफ फिजिक्स’ उभी राहिली. पात्रता, दर्जा, नोकरी हे तिचे विषय. १९६० साली ती आणि फिजिकल सोसायटी एक झाल्या. बातमी आणि संधी हे दोन वेगळे ओढे तिथे एका पात्रात आले.

आपल्याकडे काय होतं? कलकत्त्यात महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ मध्ये विज्ञानसंवर्धनाची संस्था काढली, रामन यांचं काम तिथलं. पण सगळ्या देशासाठी गाठीभेटीची जागा झाली ती इंडियन सायन्स काँग्रेस. तिचं पहिलं अधिवेशन जानेवारी १९१४ मध्ये कलकत्त्यात भरलं, शंभरच्या आसपास लोक जमले. ही सभा दरवर्षी गाव बदलायची. तो काही निव्वळ उत्सव नव्हता. ज्या गावी अधिवेशन, त्या गावच्या प्राध्यापकाला आणि विद्यार्थ्याला घरबसल्या चार ओळखी व्हायच्या, कुठे काय चाललंय ते कानावर यायचं. तो एक चालताबोलता सूचनाफलकच होता म्हणा ना. हा फलक १९३७ मध्ये हैदराबादला गेला आणि १९४२ मध्ये आमच्या बडोद्यात आला. स्वातंत्र्यानंतर १९५४ मध्ये पुन्हा हैदराबाद, १९५५ मध्ये पुन्हा बडोदा. आपल्या मंडळाच्या वाचकांपैकी कोणाच्या घरी या अधिवेशनांची कार्यक्रमपत्रिका, बिल्ला, एखादा समूहफोटो असेल तर तो जपून ठेवावा.

१९२६ पासून कलकत्त्याहून ‘इंडियन जर्नल ऑफ फिजिक्स’ निघू लागलं. रामन यांना बातमीची किंमत नेमकी ठाऊक होती. २८ फेब्रुवारी १९२८ चा शोध, १६ मार्चला बंगळूरला त्यावर व्याख्यान, ते लगोलग या जर्नलमध्ये छापलं आणि त्याच्या सुट्या प्रती देशोदेशीच्या शास्त्रज्ञांना टपालाने रवाना. शोध आपल्या मातीत लागला तरी त्याची वार्ता आपण होऊन बाहेर जात नाही, ती पाठवावी लागते. पुढे १९३४ मध्ये कलकत्त्यातच इंडियन फिजिकल सोसायटी स्थापन झाली.

पण या सगळ्या हालचालींची केंद्रं कलकत्ता, बंगळूर, अलाहाबाद अशी. बडोदा, इंदूर, ग्वाल्हेर इथल्या मराठी घरातल्या हुशार मुलाने संधीची बातमी कुठून ऐकायची?

बडोद्यापुरतं उत्तर असं की आमच्याकडे संस्थेच्या आधी संस्थान होतं. सयाजीराव महाराजांच्या काळात १८९० मध्ये त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने कलाभवन निघालं. आजच्या विद्यापीठाचा तंत्रज्ञान विभाग त्याचाच वारस. १९०६ मध्ये प्राथमिक शिक्षण संस्थानभर सक्तीचं झालं. १९१० मध्ये बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून ग्रंथालयांचं जाळं विणायला सुरुवात झाली. ते काम पुढे जनार्दन सखाराम कुडाळकर यांच्यासारख्यांनी वाढवलं. पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरत. मला हे सगळं एकच यंत्र वाटतं: बातमी वाचता येणारा माणूस तयार करायचा, मग बातमी त्याच्या दारापर्यंत न्यायची.

संधीचं मात्र तसं झालं नाही. ती दरबारातून निघायची आणि माणसामाणसांतून पोचायची. सगळ्यांना ठाऊक असलेलं उदाहरण भौतिकशास्त्रातलं नाही, तरी इथे नेमकं बसतं. १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. विद्यापीठ कोलंबिया, चौदा वर्षांपूर्वी अमेरिकन भौतिकशास्त्र संस्था जिथे जन्मली तेच. महाराजांपर्यंत तरुण भीमरावांचं नाव पोचवलं होतं कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी. गुणवत्तेबद्दल शंकाच नव्हती. पण गुणवत्ता आणि संधी यांच्यामध्ये एक माणूस उभा होता, आणि तो चांगला होता म्हणून काम झालं. ज्या मुलाच्या आळीत केळुसकर गुरुजी नव्हते, त्याचं काय झालं? त्याची नोंद कुठल्याच दप्तरात मिळायची नाही.

हा फरक महत्त्वाचा आहे. दरबाराची संधी कितीही उदार असली तरी ती कृपा होती. संस्थेची छापील सूचना कोरडी असते, पण ती कोणाचीही ओळख मागत नाही. पात्रता लिहिलेली असते, पत्ता दिलेला असतो, तारीख ठरलेली असते. दांडिया बाजारातल्या कारकुनाच्या मुलाला ती वाचता येते आणि उत्तर देता येतं. अट एकच: ती वेळेत पोचली पाहिजे.

बातमी वेळेत पोचली तर काय होतं, याचा एक दाखला बडोद्यातलाच आहे. बडोदा कॉलेजातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक डी. व्ही. गोगटे आणि पी. डी. पाठक यांचा निबंध १९४७ मध्ये लंडनच्या फिजिकल सोसायटीच्या ‘प्रोसीडिंग्ज’मध्ये छापून आला. विषय होता द्रवरूप हेलियममधला ‘लॅन्डाऊ वेग’. पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. उणे २७१ अंश सेल्सिअसच्या खाली द्रवरूप हेलियम एका विलक्षण अवस्थेत जातं, बारीक नळीतून घर्षणाशिवाय वाहतं. मॉस्को आणि केंब्रिज इथल्या शास्त्रज्ञांनी हे १९३८ च्या सुरुवातीला जाहीर केलं. १९४१ मध्ये रशियाच्या लॅन्डाऊ यांनी त्याचा सिद्धांत मांडला: ठरावीक वेगापर्यंत प्रवाहाला अडथळा होत नाही, त्यापुढे होतो.

आता तारखा जुळवा. १९४१ चा सिद्धांत रशियातला. मधे महायुद्ध. समुद्रावर बोटी बुडत होत्या, टपालाचा भरवसा नव्हता. हेलियम द्रवरूप करण्याचं यंत्र आपल्या देशात आलं तेच मुळी स्वातंत्र्यानंतर, दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत. म्हणजे बडोद्याच्या या दोघांनी तो पदार्थ डोळ्यांनी पाहिलेला असण्याची शक्यता जवळजवळ नाही. त्यांच्याकडे कागद होता, पेन्सिल होती आणि ताजी बातमी होती. सहा वर्षांच्या आत, युद्ध मधे असताना, मॉस्कोची कल्पना बडोद्यात पोचली, तिच्यावर काम झालं आणि ते काम लंडनला जाऊन छापलं गेलं. माझ्या मोजपट्टीवर त्या काळचं बडोदा लंडनपासून फार लांब नव्हतं.

स्वातंत्र्यानंतर देशपातळीवरच्या आणखी दोन संस्था निघाल्या. इंडियन फिजिक्स असोसिएशन १९७० ची, तिचं ‘फिजिक्स न्यूज’ हे नियतकालिक नावातच आपलं काम सांगतं. दुसरी १९८४ ची, भौतिकशास्त्र शिक्षकांची: इंडियन असोसिएशन ऑफ फिजिक्स टीचर्स, संस्थापक डॉ. डी. पी. खंडेलवाल, कार्यालय कानपूरला. या दुसऱ्या संस्थेचं मला विशेष वाटतं. तिने संशोधकाऐवजी तालुक्याच्या कॉलेजात शिकवणारा मास्तर आपला सभासद धरला. मुलांसाठी देशव्यापी परीक्षा सुरू केली. आज बारावीपर्यंतची मुलं नोव्हेंबरात ती परीक्षा देतात, त्यांतून निवडलेल्यांची पुढची फेरी, मग मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात शिबिर आणि शेवटी पाच जणांचा संघ आंतरराष्ट्रीय भौतिकशास्त्र ऑलिम्पियाडला.

ही ऑलिम्पियाड १९६७ मध्ये वॉर्सात पाच देशांनी सुरू केली. भारत पहिल्यांदा उतरला १९९८ मध्ये, आइसलँडला. एकतीस वर्षं! पहिल्या दोन तारखांमधलं हे अंतर एका देशाचं आहे. नंतर मात्र गाडी वेगात आली, २०१५ ची ऑलिम्पियाड मुंबईतच भरली.

माझ्या पिढीचं सांगायचं तर आम्ही त्या एकतीस वर्षांच्या पोटात शाळा-कॉलेज केलं. आमच्या शाळेत एका राष्ट्रीय परीक्षेची सूचना फळ्यावर लागली तेव्हा अर्जाची मुदत संपून नऊ दिवस झाले होते. कोणी मुद्दाम केलं असं नाही, लखोटा कुठल्या तरी टेबलावर पडून राहिला असेल. आमच्या वर्गात एक मुलगा होता, गणिताच्या सरांना कोड्यात टाकायचा. त्याने ती सूचना दोनदा वाचली, तारीख पाहिली आणि काही न बोलता डबा खायला गेला. पुढे तो वडिलांच्या दुकानात बसला, सुखात आहे. पण त्याचा हिशेब मी कुठल्या रकान्यात मांडू, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

आज सूचना एका क्षणात सगळीकडे पोचते, मग हा विषय संपला का? मला वाटतं दुसरी तारीख फक्त सरकली आहे. फोनवर आलेल्या शंभर निरोपांत हा एक निरोप कोणीतरी ओळखून योग्य मुलाला दाखवावा लागतो. जुन्या काळी ते काम केळुसकर गुरुजी करत, नंतर चांगला मास्तर करू लागला. ती जागा अजून रिकामीच भरावी लागते.

म्हणून आपल्या मंडळींना एक काम सुचवतो. इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद, बेळगाव, पणजी इथल्या जुन्या कॉलेजांत आणि वाचनालयांत विज्ञानाच्या नियतकालिकांचे बांधीव अंक पडून आहेत. अनेकांवर आवक झाल्याचा शिक्का असतो, तारखेसह. सूचनावह्या असतात, त्यांत शिपायाने वर्गावर्गात फिरवल्याच्या सह्या असतात. रद्दीवाल्याच्या काट्यावर जाण्याआधी त्यांचे फोटो घ्या. लेख वाचले नाहीत तरी चालेल, शेवटची पानं आणि शिक्के सोडू नका. अंक निघाल्याची तारीख, शिक्क्याची तारीख, अर्जाची शेवटची तारीख असे तीन रकाने आखा. पाचपन्नास नोंदी जमल्या की आपापल्या गावाचं खरं अंतर काढता येईल. बडोद्याच्या वहीची सुरुवात मी केली आहे. बाकीच्या गावांचे रकाने रिकामे आहेत.