नैराश्यावरील उत्तेजक औषधोपचार
मेंदूतील डोपामीन व नॉरएपिनेफ्रिन यांची क्रियाशीलता वाढविणाऱ्या औषधांनी नैराश्याची (पहा : नैराश्य) लक्षणे कमी करण्याची उपचारपद्धती. अशा उत्तेजक औषधांपैकी अँफेटामीन १८८७ मध्ये बर्लिन येथे प्रथम तयार झाले. ‘बेंझेड्रीन’ या नावाने ते १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत सौम्य नैराश्यासाठी दिले जाऊ लागले. मेथिलफेनिडेट हे दुसरे उत्तेजक स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीत १९४४ मध्ये तयार झाले. १९५० च्या दशकाअखेर आयप्रोनियाझिड व इमिप्रामीन ही औषधे आल्यावर (पहा : नैराश्यरोधी औषधे) आणि व्यसनाधीनतेचा धोका स्पष्ट झाल्यावर उत्तेजकांचा वापर घटला.

नेहमीच्या नैराश्यरोधी औषधांना काही आठवडे लागतात, तर उत्तेजकांचा परिणाम काही तासांत वा दिवसांत दिसतो. म्हणूनच गंभीर आजाराच्या अंतिम टप्प्यातील रुग्णांसाठी (पहा : परिहारक सेवा) त्यांना विशेष महत्त्व आहे, कारण तेथे वेळ हाच निर्णायक घटक असतो. इतरत्र, मुख्य औषधाने पुरेसा गुण न आल्यास पूरक म्हणून ती दिली जातात. तथापि परिणामकारकतेचा पुरावा मिश्र आहे; लिसडेक्सअँफेटामीन या उत्तेजकाच्या मोठ्या चाचण्यांत ते छद्मौषधापेक्षा सरस ठरले नाही. निद्रानाश, भूक मंदावणे, रक्तदाबवाढ व द्विध्रुवी विकारात उन्माद उद्भवणे हे दुष्परिणाम संभवतात. मोनोअमाइन ऑक्सिडेझरोधक या गटातील नैराश्यरोधी औषधांसोबत उत्तेजके घेतल्यास रक्तदाब धोकादायकरीत्या वाढू शकतो. भारतात मेथिलफेनिडेट १९८५ च्या अमली औषधी द्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियमाखाली नियंत्रित आहे.