स्पोर्ट्स बाइकचे मागचे मडगार्ड : दिसण्यापेक्षा अंतर महत्त्वाचे

पावसाळ्याचे पहिले दोन आठवडे उलटले की स्पोर्ट्स बाइकच्या मालकाला एक गोष्ट जाणवू लागते. पाठीवर चिखलाची रेघ उमटलेली असते आणि सीटखाली वाकून पाहिल्यास मोनोशॉक मातीने लिंपलेला दिसतो. उंच उचललेली शेपटी आणि उघडे रुंद टायर हे या वाहनांचे देखणेपण. पण त्याची किंमत असते ती हीच. त्यावरचा उपाय म्हणून बाजारातून ‘टायर हगर’ आणून बसवण्याचा प्रघात आता चांगलाच रुळला आहे. हगर म्हणजे स्विंगआर्मवर बसणारे आणि टायरला लगटून राहणारे छोटे मडगार्ड. मात्र ते नेमके काय करते आणि काय करत नाही, याविषयी बराच गैरसमज आढळतो.

चाक फिरताना त्याचा मागचा भाग वर जात असतो, तर माथा पुढच्या दिशेने धावत असतो. मागच्या भागाने उचललेले पाणी वर फेकले जाते आणि ते चालकाच्या, विशेषतः मागे बसणाऱ्याच्या पाठीवर येते. माथ्यावरून सुटलेले पाणी व खडे पुढे, म्हणजे मोनोशॉक आणि त्याच्या लिंकेजवर आदळतात. नंबरप्लेट धरणारे मूळ मडगार्ड पहिल्या माऱ्याला अडवते, हगर दुसऱ्याला. यामाहाच्या ‘आर १५’सारख्या गाडीत लिंक पद्धतीचा मोनोशॉक चाकाच्या अगदी पुढ्यात असतो. लिंकेजच्या सांध्यांत रेती शिरली की ग्रीस धुऊन जाते, सांधे कुरकुरू लागतात आणि दुरुस्तीचा खर्च हगरच्या किमतीला लाजवतो. त्यामुळे हगर ही निव्वळ हौस नव्हे. पण हगर बसवला म्हणून मूळ मडगार्ड कापून टाकणे म्हणजे एक दार लावून दुसरे सताड उघडे ठेवण्यासारखे आहे. शहरात आज हाच प्रकार सर्रास दिसतो.

खरेदी करताना पहिला प्रश्न विचारावा तो गाडीच्या आवृत्तीचा. ‘आर १५’ हे नाव एकच असले, तरी मागची टायरे वेगवेगळी आहेत. २००८ च्या पहिल्या गाडीला १००/८०-१७ मापाचे टायर होते. २०११ च्या दुसऱ्या आवृत्तीला १३०/७०-१७ आणि २०१८ च्या तिसरीला १४०/७०-१७ आले. हिशेब केला तर पहिल्या टायरचा व्यास साधारण ५९२ मिलिमीटर, दुसऱ्याचा ६१४ आणि तिसऱ्याचा ६२८ भरतो. म्हणजे पहिल्या व तिसऱ्या टायरच्या त्रिज्येतच १८ मिलिमीटरचा फरक. हगर आणि टायर यांमधले अंतर एरवी एक ते दीड सेंटीमीटर असते, हे लक्षात घेतले तर चुकीच्या आवृत्तीचा हगर का घासतो, ते वेगळे सांगायला नको. ज्यांनी मूळ टायर काढून अधिक रुंद टायर घातले आहे, त्यांनी तर पाकिटावरच्या नावावर विश्वास न ठेवता टायरवरचे आकडे वाचूनच माल घ्यावा. पुण्याच्या नाना पेठेत काय किंवा अन्यत्र काय, विक्रेत्याला गाडीचे नाव पुरते. टायरचे माप ग्राहकानेच सांगावे लागते.

साहित्याचेही प्रकार आहेत. फायबर ग्लासचे हगर स्वस्त असतात, पण बोल्टच्या भोकाभोवती त्यांना चटकन तडे जातात. एबीएस प्लॅस्टिक थोडे वाकते, म्हणून खड्ड्यांच्या रस्त्यावर ते अधिक टिकते. खरा कार्बन फायबर हलका व महाग. मात्र ‘कार्बन’ म्हणून विकले जाणारे पुष्कळसे हगर म्हणजे प्लॅस्टिकवर चिकटवलेले नक्षीचे कागद असतात.

बसवण्याचे काम अर्ध्या-पाऊण तासाचे आहे, पण साइड स्टँडवर तिरक्या उभ्या गाडीवर ते करू नये. पॅडॉक स्टँडवर चाक मोकळे फिरले पाहिजे. चांगल्या हगरसाठी स्विंगआर्मला नवे भोक पाडावे लागत नाही. डाव्या बाजूला चेनकव्हरचे बोल्ट आणि उजव्या बाजूला ब्रेकच्या पाइपच्या क्लिपा असतात. त्याच जागा वापरल्या जातात. जो फिटर ड्रिल काढून ‘दोनच भोके मारू’ म्हणतो, त्याच्याकडून गाडी परत घ्यावी. दुसऱ्या आवृत्तीपासून हा स्विंगआर्म अ‍ॅल्युमिनियमचा आहे आणि मागच्या चाकाचा सारा भार त्याच्यावर असतो. प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी हगर बांधून ठेवण्याचा जुगाडही तितकाच घातक. पट्टी उन्हाने कडक होऊन तुटते आणि सुटलेला हगर टायरबरोबर ओढला गेल्यास चाक जॅम होऊ शकते.

बोल्ट आधी सैल लावून हगर मधोमध आणावा, मगच आवळावा. प्लॅस्टिकखाली वॉशर आणि भोकात धातूची नळी असली, तर प्लॅस्टिक चिरडत नाही. बोल्टच्या आट्यांवर थ्रेडलॉकचा एक थेंब पुरे. ब्रेकचा पाइप आणि, २०१९ नंतरच्या गाड्यांत, एबीएसच्या सेन्सरची तार मूळ मार्गानेच जाते आहे ना, ती कुठे दाबली किंवा ताणली तर गेली नाही ना, हे डोळ्यांनी पाहावे.

यानंतरची तपासणी बहुतेक जण टाळतात. हगर स्विंगआर्मबरोबर हलतो, त्यामुळे खड्ड्यात चाक वर गेले तरी टायरपासूनचे त्याचे अंतर तेच राहते. बदलते ते हगर आणि सीटखालच्या प्लॅस्टिकमधले अंतर. म्हणून दोघांनी सीटवर बसून गाडी जोराने दाबावी आणि तिसऱ्याने बाजूने बघावे, की हगरचा माथा वर कशाला टेकतो का. तसेच चेन ताणताना चाक मागे सरकते. तेव्हा हगरच्या पुढच्या भागातले अंतर वाढते व मागच्या कडेचे कमी होते. चेन नवी असताना मागची कड जेमतेम मोकळी असेल, तर काही महिन्यांनी ती घासणारच. याच्या उलट, फार जवळ बसवलेल्या हगरमध्ये चिखल आणि खडे अडकून टायरवर करवतीसारखे घासत राहतात.

आता साडीगार्डविषयी. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२३ प्रमाणे, मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात गुंतू नयेत म्हणून मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारे संरक्षण उत्पादकाने द्यायचे असते. नवी स्पोर्ट्स बाइक घरी आल्या दिवशीच ही जाळी काढली जाते आणि हगर तिची जागा घेतो, असे समजले जाते. तो ती घेत नाही. हगर टायरच्या माथ्याला झाकतो, बाजूंना नाही. ओढणी किंवा पदर शिरतो तो बाजूने. ज्या घरात या गाडीवर मागे कोणी बसते, तेथे जाळी काढण्याचा विचारही होऊ नये. नंबरप्लेटही मूळ जागीच असावी. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या वाहनांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट लागते व ती एकदाच वापरायच्या कुलपाने बसवलेली असते. शेपटी कापून ती भलतीकडे हलवणे आता सोपे राहिलेले नाही.

पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर सर्व बोल्ट पुन्हा एकदा पान्याने तपासावेत. पावसाळ्यात गाडी धुताना पाण्याची धार हगरच्या आतल्या बाजूने, खालून वर मारावी, कारण सुकलेल्या चिखलाचा थर तिथेच जमतो. आणि चेन ताणून घेतली की गॅरेजमधून निघण्यापूर्वी चाक हाताने एक पूर्ण फेरा फिरवून घासल्याचा आवाज येतो का, ते ऐकावे.