खाटेजवळची विद्या

अपघातांत सांपडलेला मनुष्य रुग्णालयांत आणला जातो. अंगावर मोठीशी जखम दिसत नाहीं, पण नाडी क्षीण होत चालली आहे. पोटांत रक्तस्राव होत आहे कीं काय, हें ठरविण्यास डॉक्टरांपाशीं थोडींच मिनिटें असतात. अशा वेळीं सोनोग्राफीचें लहान यंत्र खाटेजवळ आणून यकृत व मूत्रपिंड यांमधील फट पाहिली, तर तेथें सांचलेलें रक्त काळ्या पट्ट्यासारखें दिसतें. पण तें कोणास दिसतें? यंत्र आलें म्हणजे ज्ञान आलें, या आपल्या समजुतीस वैद्यकाचा इतिहास फारसा अनुकूल नाहीं.

छातीवर बोटांनीं ठोकून आंतील रोग ओळखण्याची रीति व्हिएन्नाच्या औएनब्रुगर यानें १७६१ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केली. तो खाणावळवाल्याचा मुलगा. पिंपांत मद्य किती उरलें हें ठोकून पाहण्याची युक्ति त्यानें बापाच्या तळघरांत पाहिली होती, असें सांगतात. ग्रंथ मात्र जवळजवळ अर्धशतक बहुतांशीं उपेक्षित राहिला. नेपोलियनचा वैद्य कोर्व्हिसार यानें १८०८ सालीं त्याचें फ्रेंच भाषांतर केलें. आणि आमच्या मतें भाषांतराहूनही महत्त्वाचें हें कीं, तो विद्यार्थ्यांस पॅरिसच्या रुग्णालयांत रोग्यापाशीं नेऊन ती रीति शिकवीत असे. त्याच्याच शिष्यांपैकीं लेनेक यानें १८१६ सालीं कागदाची सुरळी छातीस लावून स्टेथॉस्कोपचा पाया घातला.

श्रवणातीत ध्वनीचा इतिहासही असाच कारखान्यांतून रुग्णालयांत आला. ग्लासगोचे प्राध्यापक इयान डोनाल्ड यांनीं १९५५ सालीं शस्त्रक्रियेनें काढलेल्या गांठी मोटारींत घालून एका बॉयलरच्या कारखान्यांत नेल्या, कारण धातूंतील भेगा शोधण्याचें यंत्र तेथें होतें. त्यांचा प्रसिद्ध लेख 'लॅन्सेट' पत्रांत १९५८ सालीं आला. एका स्त्रीस जठराचा असाध्य कर्करोग झाला आहे असें ठरलें होतें. यंत्रानें द्रवानें भरलेली गांठ दाखविली आणि ती काढल्यावर बाई बरी झाली. जाणत्या हातांनाही जें कळलें नव्हतें तें प्रतिध्वनीनें सांगितलें, हें खरें. परंतु तो प्रतिध्वनि वाचणारा डोळा घडविण्यास पुढें अनेक वर्षें लागलीं.

अपघातग्रस्तांच्या पोटांतील रक्त असें शोधण्याचा उद्योग प्रथम जर्मन व जपानी शस्त्रवैद्यांनीं केला. अमेरिकेंत तो १९९० नंतर रुजला, आणि तातडीच्या वैद्यकाकरितां १९९४ सालीं एक नमुना-अभ्यासक्रमही निघाला. अमेरिकन कॉलेज ऑफ इमर्जन्सी फिजिशियन्स या संस्थेनें पुढें प्रत्येक प्रकारच्या तपासणीमागें २५ ते ५० तपासण्या हातांखालून गेल्या पाहिजेत, असा दंडक सुचविला. व्याख्यान ऐकून हें साधत नाहीं. प्रथम निरोगी माणसावर, मग रोग्यावर, शिक्षकानें शिष्याचें मनगट धरून यंत्राचा कोन किंचित् वळवावा, तेव्हां धुक्यांतून मूत्रपिंडाची कड उमटते. शिवाय 'कांहीं दिसलें नाहीं' आणि 'कांहीं नाहीं' यांतील भेदही येथेंच कळतो. रक्त थोडें असेल तर तें यंत्रास दिसत नाहीं, आणि अर्धशिक्षिताचा धीर तेवढ्यानेंच रोग्याच्या जिवावर बेततो.

आपल्याकडे या विद्येस आणखी एक बाजू आहे. गर्भलिंगपरीक्षेवर बंदी घालणारा कायदा देशांत प्रथम महाराष्ट्रानें १९८८ सालीं केला. केंद्राचा कायदा १९९४ सालचा. पोटांतील रक्त दाखविणारें यंत्र गर्भही दाखवूं शकतें, म्हणून त्याची नोंदणी लागते, आणि २०१२ सालच्या नियमांनीं फिरत्या यंत्रावर विशेष बंधनें घातलीं. हीं बंधनें आम्हांस जाचक वाटत नाहींत. मुलींच्या जिवाची किंमत देऊन तीं आपण ओढवून घेतलीं आहेत. परंतु नोंदवहीच्या भीतीनें यंत्र कुलुपांत ठेवण्याची जी सोपी वाट आहे, ती कायद्यानें सांगितलेली नव्हे. तातडीच्या वैद्यकास आपल्या देशांत स्वतंत्र पदव्युत्तर विषय म्हणून २००९ सालीं मान्यता मिळाली. त्या विषयाचे विद्यार्थी रात्रपाळीस असतात, आणि त्या वेळीं सोनोग्राफीचा तज्ज्ञ बहुधा घरीं गेलेला असतो.