टोप, ठेका आणि दान : दूरचित्रवाणीवरील एका विडंबनप्रकाराविषयी

१९८३ साली प्रदर्शित झालेल्या 'फ्लॅशडान्स' या अमेरिकी चित्रपटाच्या अखेरीस नायिका नृत्यशाळेच्या परीक्षकांपुढे जे नृत्य करते, ते एका देहाचे नृत्य नाही. चेहरा जेनिफर बील्सचा आहे. पदन्यास बव्हंशी मारीन जहान या नर्तकीचा आहे आणि तिचे नाव श्रेयनामावलीत नव्हते. हवेतील झेप शॅरन शपिरो या जिम्नॅस्टची, तर पाठीवर घेतलेली गिरकी न्यू यॉर्कच्या 'रॉक स्टेडी क्रू'मधील रिचर्ड कोलोन ऊर्फ 'क्रेझी लेग्ज' या तरुणाची, आणि तीही केसांचा टोप चढवून. संकलकाच्या कात्रीने या चार देहांची एक स्त्री घडवली. २००९ साली बीबीसीच्या 'लेट्स डान्स फॉर कॉमिक रिलीफ' या कार्यक्रमात रॉबर्ट वेब या विनोदी नटाने काळा तंग पोशाख, लेग-वॉर्मर आणि कुरळ्या केसांचा टोप अशा थाटात हेच नृत्य केले आणि स्पर्धा जिंकली. चित्रपटाने जे झाकले होते (टोपाखालचा पुरुष!) ते येथे प्रेक्षकांदेखत घडत होते. नक्कल मुळापेक्षा अधिक प्रामाणिक ठरावी, असा हा विलक्षण योग होता. या नृत्यप्रकाराची मीमांसा करताना 'मूळ' आणि 'नक्कल' ही जोडी गृहीत धरून चालणार नाही, हे या एका उदाहरणावरूनही ध्यानात येते.

मराठी समीक्षेत 'विडंबन' ही संज्ञा रुळली ती प्रामुख्याने कवितेच्या संदर्भात. केशवकुमारांच्या 'झेंडूची फुले' (१९२५) या संग्रहाने तिला जो अर्थ दिला, त्यात शैलीची हुबेहूब उचल आणि त्या शैलीतील ढोंगावर प्रहार या दोन्ही गोष्टी अभिप्रेत आहेत. विडंबनाला लक्ष्य असलेच पाहिजे, ही अपेक्षा त्यातूनच दृढ झाली. लिंडा हचन यांनी १९८५ मध्ये मांडलेली उपपत्ती ही अपेक्षा सैल करते : विडंबन म्हणजे भेदासहित पुनरावृत्ती, तिच्यात उपहास असेल किंवा आदरही असेल. नाट्यशास्त्राने तर हास्याची उत्पत्तीच शृंगाराच्या अनुकृतीत पाहिली होती. पाश्चात्त्य सिद्धान्तांच्या गर्दीत हे सूत्र विनाकारण मागे पडले आहे. वेबच्या नृत्यात शृंगाराची सामग्री शाबूत आहे. आलंबन तेवढे बदलले आहे, आणि त्या बदलातून हास्य निपजते.

या प्रकाराची वंशावळ दोन घराण्यांची आहे. पहिले घराणे नकलेचे. १९७६ च्या नाताळात मोरकॅम्ब आणि वाइज या जोडीने 'सिंगिन' इन द रेन' (१९५२) मधील जीन केलीचे पावसातले नृत्य बीबीसीवर सादर केले. निर्माता अर्नेस्ट मॅक्सिन स्वतः नृत्यदिग्दर्शक होता. देखावा तोच, छत्री तीच, पावलेही तीच. नाही तो फक्त पाऊस. अर्नी वाइज कोरडा राहून मनापासून नाचतो आणि पोलिसाच्या वेषातला एरिक मोरकॅम्ब मात्र भिजत राहतो. विनोद नर्तकाच्या अंगाकडून परिस्थितीकडे सरकवण्याची ही युक्ती पुढच्या सर्वांनी उचलली. वाइज वाईट नाचला असता तर विनोद फसला असता.

दुसरे घराणे दानाचे. १९४९ मध्ये मिल्टन बर्ल याने अमेरिकेत कर्करोग निधीसाठी तासन् तास चालणारा कार्यक्रम दूरचित्रवाणीवर केला, तेव्हापासून विनोदकार हा निधिसंकलनाचा पुरोहित झाला. ब्रिटनमध्ये इथिओपियातील दुष्काळाच्या पार्श्वभूमीवर रिचर्ड कर्टिस आणि लेनी हेन्री यांनी १९८५ मध्ये 'कॉमिक रिलीफ' ही संस्था उभी केली. ५ फेब्रुवारी १९८८ रोजी पहिला 'रेड नोज डे' झाला आणि दीड कोटी पौंड जमले. संस्थेची गाणी पाहिली तर नकलेचे घराणे दानाच्या घराण्यात कसे सामावत गेले हे दिसते. १९८६ मध्ये क्लिफ रिचर्डने 'द यंग वन्स' मालिकेतील नटांसह आपलेच जुने गाणे पुन्हा गायले. १९८९ मध्ये 'बनानारामा'सोबत फ्रेंच, सॉन्डर्स आणि कॅथी बर्क यांचा त्याच गटावर बेतलेला नकली त्रिकूट-गट उभा राहिला. १९९७ मध्ये 'स्पाइस गर्ल्स'ची पाळी आली. तिन्ही प्रसंगी ज्याची नक्कल करायची तो शेजारीच उभा आहे, हसतो आहे, नकलेला आशीर्वाद देतो आहे. लक्ष्यच यजमान झाल्यावर प्रहार कोणावर करायचा?

२००९ पासूनची नृत्यस्पर्धा हा याच प्रक्रियेचा पुढचा टप्पा. प्रसिद्ध नृत्य निवडायचे, काही दिवस तालीम करायची, नाचायचे. प्रेक्षकांनी दूरध्वनीवरून मत द्यायचे आणि त्या शुल्काचा भाग निधीत जायचा. (दोनच वर्षांपूर्वी, जुलै २००७ मध्ये, आपल्या काही कार्यक्रमांतील, त्यात 'कॉमिक रिलीफ'च्याही, दूरध्वनी-स्पर्धांचे विजेते बनावट होते, अशी कबुली बीबीसीला द्यावी लागली होती. तेव्हा दूरध्वनीवरील मताला पुन्हा विश्वासार्हता मिळवून देणे हेही या कार्यक्रमाचे एक अनुच्चारित कार्य होते, असे म्हणण्यास जागा आहे.)

विजेत्यांची नावे बोलकी आहेत. २००९ मध्ये वेब, २०१० मध्ये शेरिल कोलच्या नृत्यावर रूफस हाउंड, २०११ मध्ये बियॉन्सेच्या नृत्यावर रसेल केन. तिन्ही पुरुष, तिन्ही नृत्ये स्त्रियांची. ब्रिटिश पँटोमाइममधील पुरुषाने रंगवलेल्या म्हातारीची परंपरा येथे आठवेल. पण ती म्हातारी बेढब असते, तिच्या बेढबपणावर हसायचे असते. हे नर्तक बेढब होण्याचे नाकारतात. २०११ मध्येच नोएल फील्डिंग लाल झग्यात केट बुशचे 'वदरिंग हाइट्स' नाचला. बुशचे ते १९७८ चे हातवारे लिंडसे केम्प या मूकनाट्यकाराच्या शिकवणीचे ऋण सांगतात. आणि केम्प स्वतः रंगमंचावर स्त्रीवेषात वावरणारा पुरुष. फील्डिंगचा देह त्या हालचाली जणू घरी परत नेत होता. बर्गसाँने १९०० मध्ये हास्याचे मूळ सजीवावर चढलेल्या यांत्रिकतेत पाहिले. येथे यांत्रिकतेची अपेक्षा धरून बसलेल्या प्रेक्षकाला सजीवता भेटते आणि तो हसता हसता टाळ्या वाजवू लागतो. बर्गसाँची उपपत्ती या ठिकाणी अपुरी पडते.

तरीही या टाळ्यांची किंमत तपासली पाहिजे. मार्सेल मोसने १९२५ मध्ये दाखवले की दान कधीच निरपेक्ष नसते. ते परतफेडीचे बंधन घालते. येथे व्यवहार त्रिकोणी आहे. नट लाज देतो, प्रेक्षक पैसा देतो आणि ज्याच्या नावाने हे चालले आहे तो रंगमंचावर नसतोच. तो मधल्या चित्रफितींत असतो. आफ्रिकेतल्या एखाद्या गावात, बहुधा आजारी, बहुधा मूल. एकाच रात्रीच्या प्रक्षेपणात नाचणारा देह आणि निपचित देह एकापाठोपाठ येतात. पहिल्याला टोप घालून दुसरे कोणीतरी होण्याची मुभा आहे. दुसऱ्याला स्वतःशिवाय काहीच होता येत नाही. सत्कार्यासाठी नाचणाऱ्याकडे वाकड्या नजरेने पाहणे अशिष्ट ठरते आणि विडंबनाचा टीकात्म हक्क दानाच्या पावतीबरोबर जमा होतो. डिसेंबर २०१३ मध्ये बीबीसीच्याच 'पॅनोरमा'ने संस्थेचा निधी काही काळ शस्त्रे, मद्य आणि तंबाखू यांच्या कंपन्यांत गुंतवला गेल्याचे उघड केले, तेव्हा ते काम शोधपत्रकारितेने केले. विनोदाने केले नाही. उपहासावर उभ्या असलेल्या संस्थेच्या मंचावर संस्थेचा उपहास दुर्मीळ राहिला.

२०१९ मध्ये डेव्हिड लॅमी या कृष्णवर्णीय खासदाराने चित्रफितींतील गोऱ्या तारणहाराच्या प्रतिमेवर जाहीर आक्षेप घेतला आणि ऑक्टोबर २०२० मध्ये संस्थेने प्रसिद्ध व्यक्तींना आफ्रिकेत पाठवून चित्रण करण्याची प्रथा बंद करत असल्याचे सांगितले. पुढील चित्रफिती तेथील चित्रपटकारांकडे सोपवायच्या ठरल्या. निपचित देहाची कथा सांगण्याचा अधिकार अशा रीतीने हलला. नाचणाऱ्या देहाविषयी तसा प्रश्न या वादात पुढे आला नाही; मारीन जहानचे नाव जसे १९८३ च्या श्रेयनामावलीत आले नव्हते.