‘सुरक्षा ही सगळ्यांची जबाबदारी’, पण वाटणी कोणी केली?

दरवर्षी ४ मार्चला कारखान्यांच्या गेटवर फलक लागतात, छातीवर बिल्ले लावले जातात आणि शपथ घेतली जाते. १९६६ साली याच तारखेला राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली, म्हणून १९७२ पासून हा राष्ट्रीय सुरक्षा दिन. त्या दिवशी भाषणात एक वाक्य हमखास येतं : सुरक्षा ही सगळ्यांची जबाबदारी आहे. टाळ्या पडतात, चहा होतो, पाळी सुरू होते.

वाक्य खोटं नाही. पण या वाक्याला इतिहास आहे आणि तो फारसा स्वच्छ नाही. आपल्या जिल्ह्यात तो माहीत असायला हवा, कारण आपण त्याची किंमत मोजलेली आहे.

२४ जानेवारी २०२५, शुक्रवार. सकाळी साडेदहाच्या सुमारास जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत एलटीपी विभागात स्फोट झाला. छत कोसळलं. आवाज कित्येक किलोमीटर गेला. त्या एका दिवसात आठ कामगार गेले. बरोबर वर्षभर आधी, जानेवारी २०२४ मध्ये, याच निर्माणीत झालेल्या स्फोटात एक कामगार गेला होता. त्याच्या महिनाभर आधी, डिसेंबर २०२३ मध्ये, नागपूरजवळ बाजारगावच्या स्फोटक कारखान्यात नऊ जण गेले. त्यात सहा बाया होत्या. जून २०२४ ला धामण्यात पुन्हा तेच. नागपूर-भंडारा पट्ट्यात दारूगोळ्याचं काम हजारो घरांची चूल पेटवतं, आणि आपण प्रत्येक वेळी चार दिवस हळहळून थांबतो.

स्फोटकांच्या कारखान्यात शिस्त कडक असते, हे ज्यांच्या घरात कोणी तिथं आहे त्यांना सांगायला नको. काडेपेटी गेटवरच ठेवायची. बूट वेगळे, कपडे वेगळे. ठिणगी उडणार नाही अशीच अवजारं वापरायची. अंगातली स्थिर वीज जमिनीत जावी म्हणून आत जाताना धातूच्या पट्टीला हात लावायचा. एका इमारतीचा स्फोट दुसरीपर्यंत जाऊ नये म्हणून मधे मातीचे बांध घालतात. आणि दारावर पाटी असते : एका वेळी आत जास्तीत जास्त किती माणसं आणि किती माल. यातली अर्धी शिस्त कामगाराच्या हातात आहे, हे कबूल. पण बांध किती उंच, इमारत किती जुनी, यंत्र कधी बदलायचं, आज किती माल काढायचा, हे तो ठरवत नाही. पाटीवरचा आकडा तो वाचतो, लिहीत नाही. ‘सगळ्यांची जबाबदारी’ म्हणताना हा फरक गिळला जातो. गेली जवळजवळ दोनशे वर्षं गिळला जातो आहे.

सुरुवात इंग्लंडमधल्या एका खाटकाच्या गाडीपासून होते. प्रीस्टली नावाचा नोकर मालकाचा माल घेऊन निघाला. गाडीत माल जास्त भरलेला होता, गाडी मोडली, याची मांडी मोडली. ज्यूरीनं त्याला १०० पौंड भरपाई दिली. १८३७ मध्ये वरच्या कोर्टानं ती काढून घेतली. कारण काय, तर गाडीत किती माल आहे हे नोकरालाही मालकाइतकंच कळतं, नको होतं तर नाही म्हणायचं होतं! या निकालातून पुढं एक तत्त्वच उभं राहिलं. सहकाऱ्याच्या चुकीनं कामगाराला इजा झाली तर मालक जबाबदार नाही, कारण दोघंही एकाच चाकरीत आहेत आणि तो धोका पत्करूनच कामावर आले. म्हणजे जबाबदारी सगळ्या कामगारांची, फक्त मालकाची नाही. सामायिक जबाबदारीचा कायद्यातला पहिला अवतार हा असा होता. गिरणी मोठी होत गेली तसं हे तत्त्व मालकांच्या फार सोयीचं ठरलं, कारण मोठ्या गिरणीत बहुतेक अपघातांत कुठल्या ना कुठल्या सहकाऱ्याचा हात असतोच.

आपल्याकडे १८८१ मध्ये पहिला कारखाना कायदा आला. तो मुख्यतः लहान मुलांच्या कामाचे तास कमी करण्यापुरता होता. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार केला. त्यातली रविवारच्या सुट्टीची मागणी आपण शाळेत शिकतो. १८९० मध्ये ती मान्य झाली आणि आजही आपण ती उपभोगतो. पण त्याच अर्जात आणखी एक कलम होतं, ते कोणी शिकवत नाही. काम करताना इजा झाली तर कामगार बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि कायमचा अपंग झाला तर त्याच्या पोटापाण्याची सोय व्हावी. माझ्या मते रविवारच्या सुट्टीपेक्षा ही मागणी मोठी होती, कारण अपघाताचा खर्च कोणाचा हा प्रश्न तिनं थेट विचारला.

त्याचं उत्तर यायला ३९ वर्षं लागली. १९२३ मध्ये कामगार नुकसानभरपाई कायदा झाला. त्यातही फट ठेवली गेली : कामगारानं मुद्दाम सुरक्षेचा नियम मोडला किंवा यंत्राचं संरक्षक कवच काढलं, तर भरपाई नाही. अपघातानंतर पहिला प्रश्न ‘यानं काय चूक केली?’ हाच का येतो, हे या फटीवरून कळतं. सहकाऱ्याच्या चुकीची सबब तर आपल्याकडे १९३८ मध्ये वेगळा कायदा करून बंद करावी लागली. इंग्लंडला त्यासाठी १९४८ उजाडलं.

मधल्या काळात दिल्लीत एक महत्त्वाची गोष्ट घडली. १९४२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले. त्याच ऑगस्टमध्ये मालक, कामगार आणि सरकार यांना एका टेबलावर बसवणारी परिषद त्यांच्या अध्यक्षतेखाली झाली. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादच्या कोळसा खाणीत स्वतः खाली उतरले. ज्याला निर्णय घ्यायचा आहे त्यानं खाली उतरून बघावं, इतकी साधी गोष्ट. (याच बाबासाहेबांना १९५४ च्या लोकसभा पोटनिवडणुकीत आपल्या भंडाऱ्यानं पाडलं. हा आपला इतिहास, तोही लक्षात असू द्या.)

मग आला १९४८ चा कारखाना कायदा. यंत्रांना कुंपण, हवा, उजेड, आगीतून बाहेर पडायची वाट अशी मालकाची बारीकसारीक कर्तव्यं त्यात लिहिली होती. कामगाराच्या जबाबदारीचं कलम १११ पण होतं : स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणारं काही मुद्दाम केलं, तर तीन महिने कैद किंवा १०० रुपये दंड. पण ‘कामगाराची सुरक्षा सांभाळणं हे मालकाचं सर्वसाधारण कर्तव्य आहे’ असं सरळ वाक्य कायद्यात नव्हतं. ते कलम ७-अ म्हणून १९८७ मध्ये घातलं गेलं. म्हणजे कामगाराचं सर्वसाधारण कर्तव्य आधी आलं आणि मालकाचं ३९ वर्षांनी. लोखंड्यांच्या अर्जाचं उत्तर यायलाही ३९ वर्षंच लागली होती. योगायोग असेल.

१९८७ लाच का? कारण मधे भोपाळ झालं. २ डिसेंबर १९८४ ची रात्र सगळ्यांना माहीत आहे. त्याआधीची तीन वर्षं कमी लोकांना माहीत आहेत. डिसेंबर १९८१ मध्ये त्याच कारखान्यात फॉस्जीन गळतीनं एक कामगार गेला होता. युनियननं धोक्याबद्दल आवाज उठवला. राजकुमार केसवानी नावाचा स्थानिक पत्रकार १९८२ पासून आपल्या ‘रपट’ या छोट्या साप्ताहिकात लिहीत होता की हे शहर ज्वालामुखीवर बसलं आहे. ऐकलं कोणी नाही. आणि दुर्घटनेनंतर कंपनीनं काय मांडलं? कोणा नाराज कामगारानं मुद्दाम टाकीत पाणी सोडलं. खाटकाच्या गाडीचा तोच न्याय.

भोपाळनंतरच्या दुरुस्तीत तीन गोष्टी आल्या आणि माझ्या दृष्टीनं खरी सामायिक जबाबदारी तिथून सुरू होते. कलम ४१-जी : धोकादायक कारखान्यात सुरक्षा समिती हवीच, आणि तिच्यात कामगार आणि व्यवस्थापन यांचे प्रतिनिधी समसमान. कलम ४१-एच : जिवाला धोका आहे अशी रास्त शंका आली तर कामगार व्यवस्थापनाला कळवू शकतो आणि त्याच वेळी सरकारी निरीक्षकालाही. मालकाला धोका पटला नाही तर प्रकरण निरीक्षकाकडे जातं आणि त्याचा निर्णय अखेरचा. कलम १११-अ : माहिती आणि प्रशिक्षण मिळण्याचा हक्क.

किती जणांना हे माहीत आहे? कारखान्यात असलेल्या आपल्या भाऊला, काकाला विचारून बघा. सुरक्षा समितीत कामगारांचा माणूस कोण? त्याला निवडलं कोणी? शेवटची बैठक कधी झाली, इतिवृत्त कुठं आहे? शपथ सगळ्यांना पाठ असते. ही उत्तरं नसतात.

याहून पुढची व्यवस्था आपल्याच जिल्ह्यात, तुमसर तालुक्यात आहे. चिखला आणि डोंगरी बुजुर्ग इथल्या मॉयलच्या मँगनीज खदानी सगळ्यांना ठाऊक आहेत. चिखल्याला जमिनीखाली काम चालतं, डोंगरीला उघडी खदान आहे. खाणींना कारखाना कायदा लागत नाही, त्यांचे नियम वेगळे. त्या नियमांत १०० हून जास्त माणसं असलेल्या खाणीत सुरक्षा समिती सांगितली आहे. ५०० किंवा जास्त असतील तर नोंदणीकृत युनियनशी सल्लामसलत करून ‘वर्कमेन इन्स्पेक्टर’ नेमायचे : एक खाणकामासाठी, एक विजेच्या आणि एक यंत्रांच्या कामासाठी. हा माणूस कामगारांतलाच. तो खदान फिरून बघतो, दिसलेलं वहीत लिहितो आणि त्यावर काय केलं हे व्यवस्थापकाला त्याच वहीत लिहावं लागतं. जबाबदारी वाटायची तर अशी, लेखी. तोंडी तक्रार हवेत जाते, वहीतली तक्रार उद्या चौकशीत बोलते.

जिथं अशी वही नसते तिथं काय होतं, ते आपण ९ जानेवारी २०२१ ला पाहिलं. जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात रात्री दीड-दोनच्या सुमारास आग लागली. आत १७ बाळं होती. सात वाचली, दहा गेली. त्या बाळांबद्दल मी काही लिहिणार नाही, लिहिवत नाही. पण दवाखाना हीसुद्धा कोणाची तरी कामाची जागा असते, हे तेव्हा फार कमी लोक बोलले. जिल्हा शल्यचिकित्सक निलंबित झाले, कंत्राटी परिचारिकांना कामावरून काढलं, पुढं दोन परिचारिकांवर गुन्हा नोंदला गेला. परिचारिकेची चूक असेल तर ती तपासलीच पाहिजे. पण आग विझवण्याची यंत्रणा बसवायची की नाही, हे रात्रपाळीची कंत्राटी नर्स ठरवत नव्हती. यंत्र तापतंय, वायरिंग जुनं आहे हे तिला दिसलं असतं तरी ते लिहायला तिला कायद्यानं दिलेली वही नव्हती. कारखाना कायदा दवाखान्याला लागू नव्हता.

आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. सुरक्षेच्या संहितेत एक चांगली गोष्ट आहे. धोका दिसला तर मालकाला आणि निरीक्षकाला एकाच वेळी कळवण्याचा हक्क आता फक्त धोकादायक कारखान्यापुरता नाही, इतर आस्थापनांतल्या कर्मचाऱ्यांनाही आहे. दुसरी गोष्ट खटकणारी आहे. जुन्या कायद्यात धोकादायक कारखान्याला सुरक्षा समिती करावीच लागे. नव्या संहितेत सरकार आदेश काढून ती करायला सांगू शकतं. ‘करावीच’ आणि ‘सांगू शकतं’ यातलं अंतर कोर्टात कळतं, तोवर उशीर झालेला असतो. निरीक्षकाचं नावही बदलून ‘निरीक्षक-तथा-सुविधाकर्ता’ झालं आहे. सुविधा नेमकी कोणाची, ते कळेलच.

आणि घरी बसून विड्या वळणाऱ्या आपल्या हजारो आयाबहिणी? त्यांच्यासाठी १९६६ चा वेगळा कायदा आला, पण तंबाखूची धूळ त्यांच्याच स्वयंपाकघरात उडत राहिली. तिथं समिती नाही, वही नाही, ४ मार्चची शपथसुद्धा नाही. त्यावर वेगळं लिहावं लागेल.

तूर्त एवढंच करा. तुमच्या घरातलं कोणी निर्माणीत, वरठीच्या पोलाद कारखान्यात, खदानीत किंवा दवाखान्यात असेल तर संध्याकाळी जेवताना विचारा : तुमच्याकडं सुरक्षा समिती आहे का, आणि तिच्यात तुमचा माणूस कोण? नाव सांगता आलं तर त्याला जाऊन भेटा. नाही सांगता आलं, तर पुढच्या ४ मार्चला शपथ घ्यायच्या आधी साहेबांना तेच विचारा.