वैमानिकाची निद्रा

विमानविद्येचा इतिहास लिहिणारे बहुधा यंत्रांचाच इतिहास लिहितात. वेग, उंची, इंधन यांची मोजदाद होते. परंतु यंत्र चालविणाऱ्या मनुष्यास झोप येते, ही साधी गोष्ट त्या इतिहासांत फार उशिरां शिरली, आणि तीहि अपघातांच्या वाटेनें.

चार्ल्स लिंडबर्ग हा ता. २० मे १९२७ रोजीं न्यूयॉर्कजवळून एकटाच निघाला व साडेतेहतीस तासांनीं पॅरिसला उतरला. आदल्या रात्रींहि त्यास झोप लाभली नव्हती. समुद्रावर असतां आपल्या पाठीशीं छायाकृति जमून आपणांशीं बोलूं लागल्या, असें त्यानें १९५३ सालच्या आपल्या ग्रंथांत सांगितलें आहे. त्याचें विमान मुळांतच अस्थिर. हात सैल पडला कीं तें भरकटे, आणि त्या भरकटण्यानेंच तो जागा होई. जगानें त्याच्या धैर्याचे पोवाडे गाइले तें योग्यच. परंतु जागरण हा पराक्रमाचाच भाग, ही समजूत त्यांतून दृढ झाली, व ती पुढें महाग पडली, असें आम्हांस वाटतें.

क्यूबांतील ग्वांतानामो येथील अमेरिकन तळावर ता. १८ ऑगस्ट १९९३ रोजीं एक मालवाहू डीसी-८ विमान धावपट्टीच्या अलीकडेच कोसळलें. तिघे चालक जबर जखमी झाले, पण वांचले. म्हणून त्यांच्या झोपेचा हिशेब चौकशी करणाऱ्यांस त्यांच्याच तोंडून मिळाला. मुख्य वैमानिक सुमारें साडेतेवीस तास जागा होता. रात्रपाळी आटोपल्यावर त्यांस ही जादा फेरी सांगण्यांत आली होती. सरहद्दीची खूण म्हणून असणारा दिवा त्या दिवशीं बंद होता, आणि वैमानिक उतरतांना तो दिवाच शोधीत राहिला. विमानाचा वेग घटत चालल्याचा सहकाऱ्यांचा इशारा त्याच्या कानांवर पडला, पण मनांत उतरला नाहीं. विशेष हें कीं, ही फेरी नियमांत बसत होती! परतीचा रिकामा प्रवास कामाच्या तासांत धरावा लागत नसे. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळानें मोठ्या विमानअपघाताच्या संभाव्य कारणांत थकव्याचें नांव घातलें तें येथें प्रथम.

मग झोंप घेऊं द्यावी काय? नासाच्या संशोधकांनीं १९९४ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पॅसिफिक ओलांडणाऱ्या वैमानिकांस आळीपाळीनें ४० मिनिटांची विश्रांति दिली होती. त्यांस सरासरी २६ मिनिटें झोप लागली, व पुढें ते अधिक सावध राहिले. मर्यादा बेतानें घातलेली होती. कारण निद्रा लांबली म्हणजे गाढ होते, आणि गाढ निद्रेंतून उठलेल्याची बुद्धि कांहीं वेळ जड राहते.

याचें दारुण प्रत्यंतर आपल्याच देशांत आलें. ता. २२ मे २०१० रोजीं सकाळीं दुबईहून आलेलें एअर इंडिया एक्स्प्रेसचें विमान मंगळूरच्या डोंगरमाथ्यावरील धावपट्टी ओलांडून दरींत गेलें. १६६ पैकीं १५८ माणसें दगावलीं. दोन तास पांच मिनिटांच्या ध्वनिमुद्रणापैकीं सुमारें एक तास चाळीस मिनिटें मुख्य वैमानिक निजलेला होता. त्याचें घोरणेंहि त्यांत ऐकूं आलें. विमान पुन्हां वर घ्यावें, असें दुय्यम वैमानिकानें तीनदां सुचविलें. तें मानलें गेलें नाहीं.

आपल्या नागरी विमानवाहतूक महासंचालनालयानें जानेवारी २०२४ मध्यें नवे नियम काढले. आठवड्याची विश्रांति ३६ तासांवरून ४८ तास झाली, रात्रींचें उतरणें सहावरून दोनांवर आलें. शेवटचा टप्पा १ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाला, आणि डिसेंबरांत इंडिगो कंपनीचीं हजारों उड्डाणें रद्द झालीं. वैमानिक पुरत नव्हते. लोक विमानतळांवर खोळंबले, रागावले. तेव्हां कांहीं काळ सवलत देण्यांत आली. ती रात्रींच्याच नियमांतून.