जारामिलो ओढ्याची साक्ष

अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात, लॉस अलामॉसच्या पश्चिमेला, डोंगरांच्या कड्यात बसलेले एक विस्तीर्ण कुरण आहे. वरवर पाहता पठारच. प्रत्यक्षात ते खचलेल्या ज्वालामुखीचे तोंड : वायेस कॅल्डेरा, व्यास सुमारे २० किलोमीटर. अणुबॉम्बमुळे लॉस अलामॉस जगाला ठाऊक झाले. पण ते गाव ज्या राखेच्या खडकावर वसले आहे, तो याच ज्वालामुखीने ओकलेला आहे.

रिओ ग्रांडे नदी ज्या खचदरीतून वाहते, तिथे खंडाचे कवच ताणून पातळ झाले आहे. तिच्या पश्चिम कडेला सुमारे साडेबारा लाख वर्षांपूर्वी प्रचंड उद्रेक झाला, शिलारसाचे कोठार रिते झाले आणि त्याचे छत आत कोसळले. पुढे खालून पुन्हा रेटा आला व तळ फुगून वर उचलला गेला. तोच आजचा रेडोंडो डोंगर. त्याच्याभोवती वर्तुळाकार भेगेतून घट्ट लाव्हाचे घुमट लाखो वर्षे एकामागून एक उगवत राहिले. आपल्याला काम आहे ते या घुमटांशी.

लाव्हा थिजताना त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून ठेवतो. काही खडकांत ती उलटी असल्याचे ब्रून यांनी १९०६ मध्ये दाखवले होते. आपल्या दख्खनच्या बेसॉल्टचे चुंबकत्व मोजून क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी १९५६ मध्ये भारत एकेकाळी विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता असा निष्कर्ष मांडला. तरी खंड सरकतात हे बहुतेकांना पटले नव्हतेच.

१९६३ मध्ये व्हाइन आणि मॅथ्यूज यांनी म्हटले, की सागरतळ मध्यभागी फाकत असेल तर सरळ-उलट चुंबकत्वाचे पट्टे दोन्ही बाजूंना उमटले पाहिजेत. पट्टे होते, पण गणित जुळेना. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या हुआन दि फुका रांगेवरचे पट्टे जमिनीवरून ठरवलेल्या कालक्रमाशी ताडून पाहिले, तेव्हा सागरतळ कधी जलद, कधी संथ सरकला असे मानावे लागले. उपपत्ती वाचवण्यासाठी केलेली ही ओढाताणच होती.

चूक सागरतळाची नव्हती, कालक्रमाची होती. कॅलिफोर्नियात मेन्लो पार्क येथे कॉक्स, डोएल आणि डॅलरिंपल पोटॅशियमपासून साठत जाणारा आर्गॉन मोजून खडकांची वये काढत होते. वायेसचे घुमट पोटॅशियमने समृद्ध, म्हणून वये नेमकी मिळत. त्यांत सुमारे नऊ लाख वर्षांपूर्वीचा, उलट्या कालखंडात मध्येच आलेला, सरळ चुंबकत्वाचा एक छोटा तुकडा सापडला. कॅल्डेरातल्या ओढ्यावरून त्याला जारामिलो हे नाव दिले. (स्पॅनिश उच्चार ‘हारामियो’च्या जवळचा. मराठी कानांचा विचार करून मी तो टाळला आहे.)

नोव्हेंबर १९६५ मध्ये कॅन्सस सिटीच्या परिषदेत डॅलरिंपलनी ही बातमी व्हाइनना सांगितली. तुकडा कालक्रमात बसवताच सागरतळाचा वेग एकसारखा निघाला. पुढच्या वर्षी मे महिन्यात डोएल-डॅलरिंपल यांचा, तर डिसेंबरमध्ये व्हाइन यांचा निबंध ‘सायन्स’मध्ये आला, आणि विरोधकांचा सूर बदलू लागला.

त्या तुकड्याचे वय आता थोडे मागे सरकले आहे : सुमारे १०.७ ते ९.९ लाख वर्षे.